ताल चुकतो की मशीन चुकतं?

मॉलमधल्या छोट्या आर्केडमध्ये तालाच्या खेळांची फार तर दोन-तीन मशीन्स असतात. कुठे पायांनी बाण दाबायचा पॅड, कुठे काठ्यांनी वाजवायचा ढोल, कुठे भोवती बटणं असलेला गोल पडदा. या मशीन्सबद्दल वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : पहिल्यांदाच खेळणार आहे. पॅड, ढोल आणि गोल पडदा अशी तीन मशीन्स आहेत. सुरुवात कशापासून करू?

ढोलापासून करा. ‘तायको नो तात्सुजिन’ हा नामकोचा २००१ सालचा खेळ आहे आणि त्यात शिकायचे ठोके दोनच. लाल गोळा आला की कातड्याच्या मधल्या भागावर, निळा आला की कडेवर. मोठा गोळा आला तर दोन्ही काठ्या एकदम मारा. एकीनेही तो लागतो, पण गुण कमी मिळतात. लांब पिवळ्या पट्टीवर जमतील तेवढे ठोके घ्यायचे. फुगा आला तर त्यावरच्या आकड्याइतके.

काठी सैल धरा आणि मनगटातून मारा. खांद्यापासून जोर लावला तर हादरा शेजारच्या सेन्सरपर्यंत जातो आणि मधला ठोका कडेचा धरला जाऊ शकतो. काठिण्याच्या चार पायऱ्या असतात. प्रौढांनी सरळ दुसरी घ्यावी. पहिलीत ठोक्यांमध्ये इतकं अंतर असतं की लय हातातून निसटते, आणि आपल्याला तालच कळत नाही असा उगाच समज होतो.

पॅडमध्ये दोन मुख्य घराणी. कोनामीच्या ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’मध्ये (१९९८) चार बाण : डावा, खालचा, वरचा, उजवा. आंदामिरोच्या ‘पम्प इट अप’मध्ये (१९९९) चार कोपरे आणि एक मधला चौकोन. एकावर पाय बसले म्हणजे दुसरं आपोआप येईल असं समजू नका. कोपऱ्यांच्या मांडणीत कंबर जास्त वळवावी लागते.

गोल पडद्याचं ‘मायमाय’ हे सेगाचं मशीन २०१२चं. नोटा (म्हणजे दाबायच्या खुणा) पडद्याच्या मध्यातून निघून कडेच्या आठ बटणांकडे जातात. नवखे चुकतात ते ताऱ्याच्या नोटेवर. तारा दाबल्यावर लगेच बोट ओढायचं नसतं. साधारण एक ठोका थांबून तारा चालू लागतो, मग त्याच्याबरोबर बोट न्यायचं. घामट बोटं काचेवर अडखळतात म्हणून नेहमीचे खेळाडू पातळ सुती हातमोजे घालतात. जाड मोज्यातून मात्र स्पर्श पोचत नाही.

प्रश्न : सोपी लेव्हल घेतली तरी पॅडवर बाणांची इतकी गर्दी होते की कुठला आधी हेच कळत नाही. वेग कमी कसा करायचा?

कमी नका करू, वाढवा. पडद्यावर बाण सरकण्याचा वेग आणि गाण्याचा वेग या वेगळ्या गोष्टी आहेत. बाण हळू सरकतात तेव्हाच ते एकमेकांना चिकटून दिसतात. सरकण्याचा वेग दुप्पट केला की दोन बाणांमधली जागा दुप्पट होते. गाणं तेच, बाणही तेवढेच, वाचायला मात्र सोपे.

हिशेब साधा आहे : गाण्याचे मिनिटाला ठोके गुणिले वेगाचा आकडा. हा गुणाकार सुरुवातीला ३०० ते ३५०च्या आसपास ठेवून पाहा. गाणं १५० ठोक्यांचं असेल तर वेग २, १०० ठोक्यांचं असेल तर ३ किंवा ३.५. म्हणजे प्रत्येक गाण्याला आकडा बदलायचा आहे. एकच आकडा धरून बसलं की एक गाणं जमतं आणि पुढचं कोसळतं, आणि कारण कळत नाही. ठोक्यांच्या जागी ‘९०-१८०’ असं लिहिलेलं असेल तर गाण्याची लय मध्येच बदलते. त्याचा हिशेब १८० धरून करा, आणि संथ भागात बाण दाटीने दिसतील याची तयारी ठेवा.

हा पर्याय गाणं निवडताना उघडतो. कुठे स्टार्ट बटण दाबून धरावं लागतं, कुठे त्याचं वेगळं पान असतं. निवडीला वेळेची मर्यादा असते, म्हणून आकडा आधीच ठरवून चढा.

नजर कुठे ठेवायची हेही महत्त्वाचं. बाण खालून वर येतात आणि नवखे वरच्या स्थिर रेषेला डोळे लावून बसतात. त्या रेषेच्या थोडं खाली बघा, म्हणजे पुढचे दोन-तीन बाण एकदम दिसतात. रंगांचा पर्याय ‘नोट’वर ठेवला तर लाल बाण ठोक्यावर, निळा अर्ध्यावर आणि पिवळा पाव ठोक्यावर पडतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन लाल बाणांत ५०० मिलिसेकंद असतात, लाल ते निळा २५०, आणि सलग पिवळी रांग आली की दर १२५ला एक पाऊल. हे एकदा कानात बसलं की रंग बघताच पाय किती घाईने हलवायचा ते आधीच ठरतं.

प्रश्न : डावा बाण दाबूनही ‘मिस’ येतो. दोष माझा की मशीनचा?

गर्दीच्या छोट्या आर्केडमध्ये हा प्रश्न रास्त आहे, आणि तो पैसे टाकायच्या आधी सुटला तर उत्तम. डान्स डान्स रेव्होल्यूशनच्या प्रत्येक बाणाखाली चार कडांना चार पट्टी-सेन्सर असतात. एखादी पट्टी मेली तर त्या कडेकडे पडलेलं पाऊल मोजलं जात नाही, बाकी तीन बाजूंनी बाण ठीक चालतो. म्हणून दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही.

आधी पायाने दाबून बघा : फळी डगमगते का, कोपऱ्याचा स्क्रू वर आलाय का. मग अगदी सोपं गाणं लावून संशयित बाण मुद्दाम आतल्या कडेने, बाहेरच्या कडेने, पुढून, मागून असा दाबा. एकाच कडेला चुकत असेल तर पाऊल तिथून दोन-तीन बोटं सरकवून टाका. तो दिवस निभावतो.

दुसरा दोष जास्त फसवा असतो. सेन्सर थोडा वेळ दाबलेलाच राहतो. पाय उचलल्याचं मशीनला कळलं नाही तर पुढचं पाऊल नवीन म्हणून धरलंच जात नाही. तेव्हा एकेकटे बाण लागतात, पण त्याच बाणावर लागोपाठ दोन आले की दुसरा हुकतो. धरून ठेवायचे लांब बाण मात्र बिनचूक जातात. ही खूण दिसली की जोरात आपटून उपयोग नाही, उलट पट्टी आणखी बिघडते. तिथल्या कर्मचाऱ्याला ‘पॅड खराब आहे’ एवढंच सांगू नका. ‘पहिल्या खेळाडूच्या बाजूचा डावा बाण, बाहेरची कड’ असं नेमकं सांगा. फळी उघडून पुसणं किंवा पट्टी बदलणं हे काम छोटं आहे, पण कुठे बघायचं हे कुणी सांगत नाही म्हणून ते आठवडेच्या आठवडे राहून जातं.

प्रश्न : माझं ‘लेट’ सारखं येतं. मी तर गाण्याबरोबरच पाय टाकते.

‘फास्ट’ आणि ‘लेट’ मिसळून येत असतील तर सरावाची गरज आहे. सोप्या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच बाजूला कल असेल तर चित्र आणि आवाज यांची जोडी सुटलेली असू शकते. जुन्या मशीनचा मूळ पडदा जाऊन साधा टीव्ही बसवलेला असला की चित्र आवाजाच्या मागे पडतं. पाऊल किती अचूक पडलं याचा मशीन निकाल देतं. त्यातल्या सर्वांत काटेकोर निकालाची खिडकी (चालणारी चूक) दोन्ही बाजूंना साधारण १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांमधल्या एका चित्राएवढी असते. तेवढा उशीरही पुरे होतो.

पाठ असलेलं सोपं गाणं दोनदा खेळा : एकदा बाण बघून, एकदा नजर बाजूला ठेवून फक्त ऐकून. ऐकून बरोबर आणि बघून उशिरा येत असेल तर पडदा मागे आहे. पर्यायांत निकालाची वेळ बदलता येत असेल तर एकेक घर सरकवून फास्ट-लेटचं प्रमाण बघा. नसेल तर त्या मशीनवर कानांवर विसंबा.

प्रश्न : दोन गाण्यांतच पोटऱ्या भरून येतात. माझं वजन जास्त आहे म्हणून असेल का?

बहुधा प्रत्येक पावलानंतर तुम्ही मध्ये परत येत असाल. तसं केलं की पावलं दुप्पट होतात. पाय बाणावरच राहू द्या, पुढचा बाण आला की दुसरा पाय हलवा. डावा-उजवा, डावा-उजवा असं आलटून-पालटून गेलं की शरीर आपोआप वळतं. टाच न आपटता चवड्याने दाबा, गुडघे किंचित वाकलेले. मागच्या दांडीला हात टेकायला अजिबात लाजू नका, ती त्यासाठीच आहे. बूट सपाट, पातळ रबरी तळाचे. धावण्याच्या जाड टाचेच्या बुटांत बाणाची कड जाणवत नाही, आणि नुसत्या मोज्यांवर पाय घसरतो.

प्रश्न : ‘कार्ड टेकवा’ असं येतं, पण आर्केडचं पैसे भरलेलं कार्ड टेकवलं तर काहीच होत नाही.

ती दोन वेगळी कार्डं. एक पैशांचं, दुसरं तुमची गुणसंख्या आणि वेगाचा पर्याय साठवणारं : कोनामीचं ई-अम्यूझमेंट पास, सेगाचं आयमे, बांदाई नामकोचं बानापासपोर्ट. ‘अम्यूझमेंट आयसी’ची खूण असलेलं नवं कार्ड तिन्हींकडे चालतं. मशीन नेटवर्कला जोडलेलं नसेल तर यातलं कुठलंच चालणार नाही. पाहुणा म्हणून पुढे जा.

प्रश्न : एकच मशीन आणि पाच जण वाट बघत असतात. रांग कशी कळावी?

विचारा. ‘तुमच्यानंतर कोण?’ हे गाणं संपल्यावर, चालू असताना नाही. एका डावात साधारण तीन गाणी असतात. डाव संपला की उतरा, मागे कुणी नसेल तरच पुन्हा. वाट बघणाऱ्याने पॅडच्या कडेवरही पाय ठेवू नये.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला नेलं तर चालेल का?

ढोलावर आनंदाने खेळेल, हात पोचत नसेल तर ठेंगणा स्टूल मागा. काळजी आवाजाची घ्या. मोठ्यांच्या कामाच्या जागेसाठी वापरली जाणारी सुरक्षित मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ला एकच तास. मुलांसाठी याहून कमीच धरावी. फोनवरच्या आवाज मोजण्याच्या ॲपने ढोबळ अंदाज येतो. अर्ध्या तासाने बाहेर आणा. घरात कुणाला लखलखाटाने झटका येण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आर्केड लांब आहे. घरी सराव होईल?

होईल. ‘स्टेपमेनिया’ हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर चालतो. बाण वाचण्याचा सराव नुसत्या कीबोर्डवरही होतो, आणि वेगाचा आकडा ठरवायला तो फार उपयोगी आहे. पॅडऐवजी बाणांची मऊ चटई घेतलीत तर ती सरकते. खाली रबरी जाळीची चटई घाला आणि चारही कोपरे चिकटपट्टीने पक्के करा. चटईवर बाण जाणवत नाहीत म्हणून नजर खाली जाते, तेव्हा बाणाच्या कडेवर जाड चिकटपट्टीचा एक उंचवटा करून घ्या. पायाला तो लागला की बाण सापडतो.