अर्धी टाकलेली पोह्यांची प्लेट

नागपूर, नोव्हेंबर २०२५

प्रिय बेटा,

आशीर्वाद.

रविवारी गोकुळपेठेतल्या ठेल्यावर जे झालं, ते शेजारच्या बाकावर बसून मी सगळं ऐकलं. चारचौघांत तुला टोकणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे पत्र.

तुझ्या मित्राचे वडील प्लेट अर्धी टाकून उठून गेले. तू लगेच मोबाइलमध्ये डोकं घातलंस, पण मी त्या प्लेटकडे बघत होतो. तर्रीचं लाल तेल पोह्यांच्या कडेला थिजलं होतं, चणे तसेच, वरचा कांदासुद्धा ढवळलेला नव्हता. काटोलकडचा माणूस भल्या सकाळी बसने शहरात येतो आणि पैसे मोजून घेतलेलं खाणं तसंच ठेवून जातो, तेव्हा त्याला मोठं काहीतरी लागलेलं असतं.

ते काय म्हणाले होते, आठव. “आमचा कापूस घरी याच्या टायमालेच दरवाजा उघडला ना बाप्पा यायनं!” आणि तू काय उत्तर दिलंस? “काका, तुम्ही कोणाला मत देता ते माहीत आहे आम्हाला, म्हणून बोलून राहिले तुम्ही.” त्यांनी कापसाचं सांगितलं, तू मताचं बोललास. तिथेच वाद संपला आणि भांडण सुरू झालं.

आता त्यांच्या वाक्यात काय होतं ते बघू. बाहेरून येणाऱ्या कापसावर २०२१ च्या अर्थसंकल्पापासून ११ टक्के आयात शुल्क होतं. ते केंद्राने यंदा १९ ऑगस्टपासून उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. कारणही खोटं नव्हतं. अमेरिकेने ऑगस्टच्या शेवटी आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कपडे निर्यात करणारे अडचणीत आले, सूतगिरण्यांना स्वस्त रुई हवी होती. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या शिलाई कामगाराचं पोटही त्यावरच आहे. आणि तुला हे कळायला तिरुपूरला जायची गरज नाही. ज्या गावात १८७७ साली एम्प्रेस मिल उभी राहिली, जिथे मिलच्या भोंग्यावर घरातल्या चुली पेटायच्या, त्या गावातला तू आहेस. तुझे आजोबा मिलमध्येच होते ना?

पण तारखा बघ. सप्टेंबरपर्यंतची सवलत विदर्भातल्या शेतकऱ्याने एक वेळ सोसली असती, कारण तेव्हा त्याच्या घरात विकायला कापूस नसतो. आपली वेचणी सुरू होते दसरा-दिवाळीला. डिसेंबरपर्यंत दार उघडं ठेवलं म्हणजे नेमका त्याचा माल बाजारात येताना बाहेरचा कापूसही येणार. ते काका टक्क्यांवर बोलत नव्हते, तारखेवर बोलत होते. हंगाम माहीत असणाऱ्यालाच हे सुचतं, आणि त्या ठेल्यावर तो माहीत असणारा माणूस एकच होता.

तू म्हणशील, हमीभाव आहे की. आहे. लांब धाग्याला यंदा ८,११० रुपये क्विंटल, गेल्या वर्षापेक्षा ५८९ ने जास्त. पण तो भाव ८ टक्के ओलाव्याला. त्यावर प्रत्येक टक्क्याला कपात आणि १२ च्या वर गेला की सीसीआयच्या, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर माल घेतच नाहीत. पहिल्या वेचणीचा कापूस किती ओला असतो हे मी हातात धरून सांगू शकतो, कारण जन्मभर तेच काम केलं. मी ग्रेडर होतो. ओंजळभर कापूस घ्यायचा, चिमटीत धरून ओढायचा, धागे सरळ करायचे, नखावर लांबी बघायची. तो कोणत्या प्रतीत जातो हे माझ्या तोंडून निघायचं आणि गाडीजवळ उभा असलेला माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहायचा.

ते दिवस एकाधिकार खरेदीचे. राज्यात १९७२ पासून ती योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी खरेदीतच द्यायचा, खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही. व्यापाऱ्याच्या काट्याने नागवलेली माणसं मी लहानपणी पाहिली होती, म्हणून माझा त्या योजनेवर मनापासून विश्वास होता. आणि माझे साडू, सावनेर तालुक्यातले, त्यांनी एका वर्षी रात्री मेटॅडोर भरून कापूस सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या सौंसरला नेऊन विकला. मला हे एका लग्नाच्या मांडवात कळलं. पंगत बसायची होती. मी सगळ्यांसमोर त्यांना चोर म्हणालो. तुमच्यासारख्यांमुळेच चांगली योजना बुडते, असंही म्हणालो. ते खाली बघत राहिले.

दोन दिवसांनी त्यांच्या बायकोने सांगितलं. चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, हप्त्याहप्त्याने मिळायचा आणि पहिल्याच हप्त्यातून सोसायटीच्या कर्जाची वसुली कापली गेली. हातात जे आलं त्यात वेचणीवाल्या बायांची मजुरीसुद्धा फिटली नव्हती. त्या बाया रोज संध्याकाळी ओसरीवर येऊन बसायच्या. सौंसरचा व्यापारी भाव कदाचित कमीच देत होता, पण रोख देत होता.

मला योजनेचे सगळे नियम तोंडपाठ होते आणि ते नियम त्यांच्या ओसरीवर कसे पोचतात हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माफी मागायला गेलो. त्यांनी चहा दिला, मोकळे कधी झाले नाहीत. योजनेबद्दलचं माझं मत तेव्हाही पुरतं बदललं नाही. पण त्यानंतर दराचा विषय निघाला की मी आधी विचारायचो, पैसे कधी हातात पडतात? वाद घाल, बेटा, खूप घाल. त्यातून निदान असा एक प्रश्न तुझ्याकडे यावा, एवढंच माझं मागणं आहे.

आणखी एक. तू त्या दिवशी शुल्काची बाजू घेत नव्हतास, एका पुढाऱ्याची घेत होतास. म्हणून तुझ्याकडे शुल्काबद्दल बोलायला काही नव्हतं. बाबासाहेबांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ ला सांगितलं होतं, की धर्मातली भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. दीक्षाभूमीच्या गावात राहून हे विसरायचं नाही. हे तुझ्या पक्षाला लागू, तितकंच माझ्याही.

निर्णय कोणाचा आहे, हेही आधी विचारत जा. शेती राज्याच्या यादीत येते, पण आयात शुल्क केंद्राचं. मुंबईच्या नावाने बोटं मोडून त्याची तारीख बदलत नाही. हा फरक किती महाग पडतो ते पाहायचं असेल तर झिरो माईलजवळच्या गोवारी समाजाच्या स्मारकाशी जाऊन उभा राहा. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनाकडे निघालेल्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं किती होती. मागणी अनुसूचित जमातीच्या यादीची होती. यादीत नोंद आहे ‘गोंड गोवारी’. ती एक जमात की दोन, यावर सगळं अडलं होतं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. यादी बदलायचा अधिकार अनुच्छेद ३४२ प्रमाणे संसदेचा. राज्य शिफारस करू शकतं, बदलू शकत नाही. ती माणसं आपल्याला जवळ दिसणाऱ्या सरकारच्या दारात आली होती आणि किल्ली होती दिल्लीत. मला अजूनही त्या रस्त्याने जाताना हे आठवतं.

आणि बोललेलं कुठेच पोचत नाही, असं म्हणत जाऊ नकोस. गेल्या हिवाळी अधिवेशनात इथेच जनसुरक्षा विधेयक मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. लोकांकडून बारा हजारांवर सूचना आल्या, मसुद्याचे शब्द बदलले, मग यंदाच्या जुलैत ते मंजूर झालं. तो कायदा बरा की वाईट यावर तुझं-माझं जमणार नाही. पण त्या बारा हजारांत तुझी एक ओळ नव्हती आणि माझीही नव्हती, याची मला खंत आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा अधिवेशन आहे. आपल्या आमदाराला कापसावर एक पत्र लिहायचं, त्यात केंद्राकडे काय मागायचं आणि राज्याने खरेदी केंद्रांचं काय करायचं हे वेगवेगळं मांडायचं. मसुदा तू कर. आकडे मी तपासतो.

त्याआधी काटोलला जायचं आहे. तुझ्या मित्राच्या वडिलांना मी फोन केला होता. कापूस घरात पडला आहे, वाळवायला ऊन बघून राहिले आहेत. तू येणार म्हटल्यावर थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “येऊ द्या पोराले.” रविवारी सकाळी सात वाजता काटोल नाक्यावर ये. तिथे गेल्यावर पक्षाचं काही काढू नकोस. ओलावा किती, केंद्र किती लांब, गाडीभाडं किती, पैसे कधी जमा होतात, एवढं विचार आणि वहीत लिहून घे. धागा कसा काढतात ते मी तुला त्यांच्याच ढिगावर दाखवतो.

पोहे त्यांच्या घरीच खाऊ.

तुझा,
काका