‘काहीच घडत नाही’ म्हणालीस म्हणून

अगं,

तुझा मेसेज वाचला. ‘बगळी आणि क्रौंच’ ही अ‍ॅनिमेशन फिल्म बघितलीस हे फार बरं केलंस, पण दहा मिनिटं नुसतं तेच तेच चाललंय असं जे लिहिलंयस ना त्यावर बोलायचंय.

आधी मूळ रशियन लोककथा वाच, पानभराचीच आहे. दलदलीच्या एका टोकाला क्रौंच, दुसऱ्या टोकाला बगळी. तो मागणी घालायला जातो, ती म्हणते तुझे पाय लांब, कपडे आखूड, मला खायला काय घालणार, जा. मग तिलाच चुटपुट लागते, ती जाते, तर आता हा फुगलेला, मग याला पस्तावा, परत हा निघतो, आणि अजून चालूच आहे त्यांचं. बस, संपली. म्हणजे युरी नोर्श्तेइनने १९७४ मध्ये ही फिल्म केली तेव्हा गोष्ट लोकांना आधीच ठाऊक होती, मग त्याने ती दहा मिनिटं कशाने भरली, हे शोधत बघ परत.

मला सगळ्यात आवडते ती जागा. कथेत साध्या झोपड्या, इथे एका जुन्या वाड्याचे पडके अवशेष, खांब, माजलेलं गवत. वैभव गेलंय, ताठा तेवढा राहिलाय, आणि हे कोणी बोलून दाखवत नाही! नकार देऊन झाला की त्या पात्राच्या मानेकडे आणि पायांकडे बघ, पस्तावा तिथे आधी येतो, स्मोक्तुनोव्स्कीच्या निवेदनात नंतर. चित्रं फ्रांचेस्का यार्बुसोवाची. कापलेले तुकडे काचेच्या थरांवर ठेवायचे, वरून कॅमेरा, हाताने जरा जरा सरकवत फ्रेम घ्यायची. काचांमध्ये अंतर असतं म्हणून ती ओलसर, धूसर हवा मिळते. एकदा आवाज बंद करून बघच.

आणि तुझ्या फिल्मसाठी चिऊ-काऊची गोष्ट घेतलीयस ना, तिथेही हेच आहे गं, काऊ दार वाजवतो, चिऊ म्हणते थांब माझ्या बाळाला आंघोळ घालू दे, परत वाजवतो, परत थांब. तू स्टोरीबोर्डमध्ये तीन वेळा सेम फ्रेम कॉपी केलीयस. तसं नको करू, दर वेळी बाहेर पाऊस किती वाढला, काऊ कसा उभा आहे, आत चिऊ दाराकडे बघते की नाही, हे वेगळं काढ आणि पाठव, कच्चं असलं तरी चालेल.