वाचक विचारतात: शेवटची इनिंग कोण टाकणार?

प्रश्न: आम्ही मूळचे साताऱ्याचे, आता न्यू जर्सीत असतो. मुलगा १६ वर्षांचा आहे, शाळेच्या बेसबॉल टीममध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. या सीझनला कोचने त्याला स्टार्टरमधून काढून बुलपेनमध्ये टाकलं, म्हणजे आता मॅच सुरू होताना तो बसून असतो, नंतर कधीतरी बोलावतात. तो नीट जेवत नाही, म्हणतो मला खालच्या पायरीवर ढकललं. आम्हाला या खेळातलं फारसं कळत नाही. अशा नंतर येणाऱ्या, रिलीफ पिचरचं काही करिअर असतं का? त्याला काय सांगू?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचलं आणि डोळ्यासमोर लगेच मारियानो रिव्हेरा आला, मग म्हटलं त्याचीच गोष्ट सांगावी, कारण तुमच्या घरापासून नदी ओलांडली की न्यूयॉर्क आणि तिथे यँकीज या बेसबॉल टीमकडून हा पिचर १९९५ ते २०१३ एवढी वर्षं खेळला, आणि त्याचंही नेमकं हेच झालं होतं जे आज तुमच्या मुलाचं झालंय.

मारियानो पनामाचा. पुएर्तो काइमितो म्हणून मच्छीमारांचं गाव आहे तिथे वाढला, वडील मासेमारीच्या बोटीवर कॅप्टन. ग्लोव्ह घ्यायला पैसे नाहीत म्हणून दुधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा ग्लोव्ह, जुन्या जाळ्याचे तुकडे गुंडाळून बॉल, झाडाची फांदी तोडून बॅट. शाळा सुटल्यावर तोही बोटीवरच कामाला लागला. आणि तो पिचर नव्हताच, लोकल टीममध्ये शॉर्टस्टॉप आणि इकडेतिकडे फिल्डिंग करायचा, एके दिवशी टीमचा पिचर मार खात होता, तर हा म्हणाला मी टाकून बघतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, की त्याने आयुष्यात पहिल्यांदा मनापासून पिचिंग केलं तेच दुसऱ्याने घातलेला घोळ निस्तरायला. ते बघून यँकीजच्या स्काउटपर्यंत निरोप गेला आणि १९९० मध्ये अगदी थोडक्या पैशांत त्याला साइन केलं.

पुढे १९९२ मध्ये कोपराचं ऑपरेशन. २३ मे १९९५ ला मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, पहिली मॅच, कॅलिफोर्निया एंजल्सविरुद्ध, स्टार्टर म्हणून, आणि मॅचच्या नऊपैकी चार इनिंग्जसुद्धा पूर्ण न करता पाच रन्स देऊन बाहेर. त्या वर्षी तो खालच्या मायनर लीगमध्ये आणि परत वर असं करत राहिला, स्टार्टर म्हणून काही जमलं नाही. मग १९९६ ला त्याला पूर्णवेळ बुलपेनमध्ये टाकलं. कागदावर बघाल तर हे डिमोशनच. पण त्या सीझनला त्याने १०७ इनिंग्ज टाकल्या, १३० बॅटर स्ट्राइकआउट केले, क्लोजर म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा होता जॉन वेटलँड, त्याच्या आधी येऊन सातवी-आठवी इनिंग बंद करून ठेवायचा, आणि यँकीजने वर्ल्ड सीरिज, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकली. पुढच्या वर्षापासून क्लोजर तोच.

बाकी आकडे मुलाला माहीत असतील, तुमच्यासाठी देतो: ६५२ सेव्ह (शेवटी येऊन टीमची लीड राखली की सेव्ह, नियम खाली दिलाय), आजपर्यंत कुणाला गाठता आले नाहीत. पाच वर्ल्ड सीरिज. प्लेऑफच्या म्हणजे सगळ्यात टेन्शनच्या मॅचेसमध्ये १४१ इनिंग्ज आणि ईआरए ०.७०, म्हणजे नऊ इनिंग्ज टाकल्या तर सरासरी एक रनसुद्धा नाही. आणि २०१९ ला हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या सगळ्यात मोठ्या मानासाठी, ४२५ जणांनी मतं दिली ती ४२५ च्या ४२५ त्याला, असं त्याच्याआधी कुणाच्याही बाबतीत झालं नव्हतं, मोठमोठ्या होमरन मारणाऱ्यांच्याही नाही.

आता खोटा दिलासा देणार नाही. साधारणपणे स्टार्टरला पैसा जास्त असतो, कॉन्ट्रॅक्ट लांब मुदतीची असतात, रिलीफवाल्याचं दोन वर्षं चांगली जातात आणि तिसऱ्या वर्षी टीम बदलते असं सर्रास होतं. हॉल ऑफ फेममध्ये पहिला रिलीफ पिचर, हॉइट विल्हेम, घेतला तोच १९८५ मध्ये, आणि अजूनही मोजकेच आहेत. पण १६ व्या वर्षी हा हिशोब करायचा नसतो हो. कोचने स्टार्टरवरून काढलं म्हणजे हात वाईट आहे असं नाही, कित्येकदा उलट असतं, मुलाकडे एकदोन इनिंग्जपुरता जबरदस्त जोर असतो पण सहा इनिंग्ज तो टिकत नाही, किंवा तेच बॅटर त्याला तिसऱ्यांदा बघतात तोवर त्यांना अंदाज येतो.

एक गोष्ट मात्र तुम्ही आई म्हणून नक्की बघा, ती म्हणजे हात. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या पिच स्मार्ट नियमांत १५-१६ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिचेस म्हणजे बॉल आहेत आणि किती टाकले त्यावर किती दिवस आराम ते ठरलेलं आहे. स्टार्टरचं मोजायला सोपं, रिलीफवाल्या पोराला मात्र बुलपेनमध्ये दोनदा-तीनदा वॉर्मअप करायला लावतात, कधी मॅचमध्ये आणतच नाहीत, आणि ते फेकलेले बॉल कुठल्याच वहीत येत नाहीत. ते तुम्ही विचारा, कोचला राग आला तरी विचारा. कोपर दुखतंय म्हणाला तर त्या दिवशी बॉल हातात नाही, एवढं पक्कं ठेवा.

प्रश्न: स्कोअरकार्डवर काही पिचरच्या नावापुढे ‘सेव्ह’ लिहिलेलं असतं, ते नक्की कधी मिळतं? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर: टीम जिंकलेली हवी, शेवटचा आउट होईपर्यंत माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) तोच हवा, आणि मॅचचा विजयी पिचर म्हणून ज्याचं नाव लागतं तो हा नसावा. याशिवाय तीनपैकी एक गोष्ट: आला तेव्हा लीड तीन किंवा कमी रन्सची होती आणि त्याने निदान एक इनिंग टाकली, किंवा आला तेव्हा बरोबरीची रन करू शकणारा माणूस बेसवर, बॅटिंगला किंवा त्याच्या पुढच्या नंबरवर होता, किंवा मग सलग तीन इनिंग्ज नीट टाकून मॅच संपवली. १९६९ पासून हा अधिकृत आकडा आहे, शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांची ही कल्पना. तीन रन्सच्या लीडवरचा सेव्ह मला तरी थोडा स्वस्त वाटतो, पण एका रनची लीड आणि दोन माणसं बेसवर असताना येऊन मिळवलेला सेव्ह वेगळाच.

प्रश्न: क्रिकेटमध्ये बॉलरला यॉर्कर, स्लोअर, बाउन्सर सगळं लागतं. रिव्हेरा म्हणे एकच बॉल टाकायचा? मग बॅटरला कळत कसं नव्हतं? (नाशिकहून एक कॉलेज विद्यार्थी)

उत्तर: कळत होतं की, सगळ्या जगाला कळत होतं. त्या बॉलला कटर म्हणतात. दिसायला सरळ फास्टबॉल, पण अगदी शेवटच्या क्षणी काही इंच बाजूला सरकतो, डावखुऱ्या बॅटरच्या तर थेट हाताकडे, मग बॉल बॅटच्या मधोमध न लागता मुठीजवळच्या बारीक भागावर लागतो आणि लाकडी बॅट मोडते. १९९९ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये अटलांटाच्या रायन क्लेस्कोने एकाच वेळच्या बॅटिंगमध्ये तीन बॅटी मोडून घेतल्या. हा बॉल त्याला कुणी शिकवला नाही, १९९७ मध्ये रामिरो मेंडोझा या टीममधल्या मित्रासोबत साधं कॅच-कॅच खेळताना बॉल आपोआप वळायला लागला, मेंडोझा वैतागला की नीट टाक, आणि काही दिवस रिव्हेरा आणि कोच मिळून तो बॉल सरळ करायच्या मागे होते, जमेना म्हणून सोडून दिलं. रिव्हेरा ही देवाची देणगी मानतो. २०१३ ला मिनेसोटा ट्विन्सने निरोपाची भेट म्हणून त्याला मोडलेल्या बॅटींची डुलती खुर्ची बनवून दिली.

आणि हे बघा, एकच बॉल असला तरी तो आत की बाहेर, वर की खाली हे त्याच्या बोटांत होतं. तुमच्या यॉर्करवाल्याचंही तेच असतं ना, बॅटरला माहीत असतं यॉर्कर येणार, तरी तो बुंध्यात पडतो.

प्रश्न: शेवटच्या क्षणी येऊन मॅच घालवली तर सगळे त्यालाच धरतात. अशा माणसाला रात्री झोप कशी लागत असेल? (ठाण्याहून एक वाचक)

उत्तर: धरतातच. १९९७ च्या प्लेऑफमध्ये सँडी अलोमार ज्युनिअरने रिव्हेराला होमरन मारली, सीरिज जिंकायला चार आउट बाकी होते आणि यँकीज ती सीरिज हरले. २००१ ला तर वर्ल्ड सीरिजची सातवी मॅच, ॲरिझोनाविरुद्ध, एका रनची लीड, नववी इनिंग, आणि लुईस गोन्झालेसची बॅट नीट लागलीही नाही, बॉल हळूच उडून शॉर्टस्टॉपच्या मागे पडला आणि संपलं. कटरने आपलं काम केलं होतं, तरी हरला. २००४ ला बोस्टनविरुद्ध पुन्हा. तो मॅचनंतर पत्रकारांसमोर उभा राहायचा, पळायचा नाही.

२००१ नंतरची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. यँकीज जिंकले असते तर न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक होणार होती आणि टीममधला एन्रिके विल्सन त्यानंतरच्या विमानाने डॉमिनिकन रिपब्लिकला घरी जाणार होता. हरले म्हणून मिरवणूक रद्द, म्हणून तो आधीच निघून गेला. १२ नोव्हेंबर २००१ ला ते विमान, अमेरिकन एअरलाइन्स ५८७, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये कोसळलं आणि २६५ माणसं गेली. रिव्हेरा नंतर म्हणाला की आपण हरलो याचा मला आनंद आहे, कारण माझा मित्र अजून आहे. मला हे वाचून कितीतरी वेळ काही सुचलं नव्हतं.

२०१२ च्या मे महिन्यात कॅन्सस सिटीत प्रॅक्टिसला कॅच घेताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, वय ४२, सगळे म्हणाले झालं आता. परत आला आणि २०१३ ला ४४ सेव्ह घेऊन थांबला. न्यूयॉर्कमधली त्याची शेवटची मॅच २६ सप्टेंबरला होती, टॅम्पा बेविरुद्ध, यँकीज ०-४ ने मागे, म्हणजे वाचवण्यासारखं काहीच नव्हतं, सेव्ह मिळणारच नव्हता. तरी आला, चार बॅटर आउट केले. नवव्या इनिंगला मॅनेजरऐवजी अँडी पेटिट आणि डेरेक जीटर त्याला घ्यायला माउंडवर चालत गेले, इतक्या वर्षांचे सोबती, आणि तो पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ रडला, अख्खं स्टेडियम उभं होतं.

साताऱ्याच्या ताई, या शेवटच्या मॅचचा व्हिडिओ मुलासोबत बसून बघा.