तांबूस पडलेला लग्नाचा फोटो

प्रश्न : आईबाबांच्या लग्नाचे 1979 सालचे रंगीत फोटो पार तांबूस झालेत. मोबाइलच्या ॲपमध्ये टाकले तर चेहरे गुळगुळीत होतात आणि आईचा हिरवा शालू निळा येतो. लॅपटॉपवर गिंप हे फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर आहे. काय करू? – एक वाचक, कराड

उत्तर : ॲपचा नाद सोडा. त्याने तुमच्या आईचा शालू पाहिलेला नाही, ते अंदाज बांधतं. तुमच्या घरात तो शालू माहीत असलेली माणसं आहेत.

त्या काळच्या रंगीत कागदात सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (जांभळट गुलाबी) आणि पिवळा असे रंगांचे तीन थर असत. अल्बममध्ये, अंधारात राहिलेल्या प्रिंटमधून बहुधा सायन आधी उडतो. लाल प्रकाश अडवणारा तोच, त्यामुळे तो पातळ झाला की फोटो तांबूस दिसतो. म्हणजे लाल वाढलेला नाही, सायन गेलाय. म्हणूनच सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, खाली ओढून काही साधत नाही, उरलेले रंगही मरतात.

फोटोचा मोबाइलने फोटो काढू नका. फ्लॅटबेड स्कॅनरवर 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके), प्रत्येक चॅनलला, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या प्रत्येकाला, 16 बिट ठेवून, टिफ फाइलमध्ये स्कॅन करा. स्कॅनरचं ऑटो कलर बंद. 16 बिटचा आग्रह अशासाठी, की तुमचा लाल चॅनल 0 ते 255 पैकी समजा 120 ते 250 एवढ्यातच दाटलेला असेल आणि तो आपल्याला ताणून पसरवायचाय. 8 बिटमध्ये ताणला की मधल्या पायऱ्या रिकाम्या राहतात, गालावर नि मागच्या भिंतीवर पट्टे उमटतात. 16 बिटमध्ये 65,536 पायऱ्या मिळतात. गिंपमध्ये 2.10 आवृत्तीपासून हे जमतं.

लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी करा. कलर्स मेनूतून लेव्हल्स उघडून रेड चॅनल निवडा. आलेखाचा डोंगर उजवीकडे सरकलेला दिसेल. डावीकडचा काळा त्रिकोण डोंगराच्या पायथ्याशी आणा. आईचे विटकरी दिसणारे केस तिथेच काळे व्हायला लागतात. हा क्षण मला आजही फार आवडतो. हिरव्या-निळ्या चॅनलला हलकासाच हात लावा, उरलेली झाक मधल्या त्रिकोणाने काढा.

इथे डोळ्यांवर विसंबू नका, ते तांबूसपणाला लगेच सरावतात. फोटोत पांढरं काही शोधा. एखाद्या पाहुण्याची टोपी उत्तम. हळदीचा हात लागलेलं धोतर नको. कलर पिकरने तिथले तिन्ही आकडे बघा. ते जवळपास सारखे, 235-240च्या घरात यावेत. 255ला नेलंत तर टोपीची घडी दिसेनाशी होईल. चेहऱ्यावर लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, शेवटी निळा. हा क्रम मोडला की माणूस आजारी दिसतो.

शालू अजून कपाटात असेल तर घडीच्या आतला, न विटलेला भाग दिवसा खिडकीशी धरून फोटो काढा. तो शेजारी उघडून ठेवा आणि फक्त शालू सिलेक्ट करून हिरवा जुळवा.

चॅनल ताणल्यावर सावलीत रंगीत दाणे दिसतील. त्यासाठी लेयरची आणखी एक कॉपी करून तिला गॉशियन ब्लर देऊन धूसर करा आणि तिचा मोड ‘एचएसएल कलर’ करा. रंग मऊ होतो, पण पापण्या आणि पदराची जर खालच्या लेयरमुळे रेखीव राहते. इफेक्ट म्हणून एवढाच पुरे. सेपिया, चमक, कडांचा अंधार यांतलं काही नको. हे आईबाबांचे चेहरे आहेत, त्यांवर आपली हौस भागवू नये.

प्रश्न : स्क्रीनवर झळकणारा रंग प्रिंटमध्ये मळकट का येतो? – त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न

उत्तर : बहुतेक वेळा स्क्रीनचा ब्राइटनेस फार वर असतो. तो उतरवून पुन्हा बघा. फोटो लॅबला फाइल एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीतच द्या, स्वतः सीएमवायके, म्हणजे छपाईच्या शाईच्या पद्धतीत बदलू नका. मोठी प्रिंट काढण्याआधी 4 बाय 6ची एक काढून घ्या आणि ती दिवसाच्या उजेडात आईला दाखवा.