पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला हा छोटा पतंग कोणता? तो विषारी असतो का?

माळावर भर दिवसा गवतातून उडालेला, जेमतेम बोटाच्या पेराएवढा पतंग, असं वर्णन तुम्ही दिलंय. त्यावरून हा युटेथेसा या प्रजातीतला (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातला) असावा. दिवसा उडतो म्हणून पुष्कळ जण त्याला फुलपाखरू समजतात. मिशा बघा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, याच्या मिशा शेवटपर्यंत बारीक असतात. शिवाय बसताना पंख अंगाभोवती गुंडाळून घेतो, त्यामुळे विडीसारखा अरुंद दिसतो.

पण बसलेल्या पतंगाचा फोटो काढून थांबू नका. तो चार पावलांवर जाऊन पुन्हा गवतात बसतो. तेवढ्यात मागचे पंख दिसायला हवेत. ते पांढरे आणि कडेला वेडीवाकडी काळी किनार असलेले दिसले तर युटेथेसाच. नारिंगी निघाले तर तो अर्जिना अस्ट्रिया नावाचा दुसरा पतंग. तोही ठिपकेवाला आणि खुळखुळ्यासारख्या त्याच झाडांवरचा, म्हणून गल्लत होते.

युटेथेसाची नेमकी जात मात्र फोटोवरून ठरवायची घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे. पुल्चेला आणि लोट्रिक्स या तिच्या दोन्ही जाती भारतात आहेत, दिसायला फार जवळच्या आहेत आणि खात्रीसाठी अनेकदा नराची जननेंद्रियं तपासावी लागतात. नोंदीत नुसतं 'युटेथेसा' लिहिलं तर ती नोंद खरी राहते.

आता विषाबद्दल. तो चावत नाही, डंख मारत नाही. तुम्हाला काही धोका नाही. पण पक्ष्याकोळ्यांसाठी तो कडू घास आहे. याच्या अळ्या खुळखुळा, ताग, भुरुंडी अशा झाडांवर वाढतात. त्या झाडांतली पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स ही कडू, विषारी रसायनं अळीच्या अंगात साठतात आणि पुढे पतंगातही राहतात. ते भडक ठिपके म्हणजे उघड इशारा! याच प्रजातीतल्या अमेरिकेतल्या ऑर्नेट्रिक्स या पतंगावर कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयस्नर यांनी खूप काम केलं. जाळ्यात अडकलेल्या या पतंगाला कोळी स्वतःच धागे तोडून सोडून देतो, हे त्यांनी दाखवलं. मिलनाच्या वेळी नर हे रसायन मादीला देतो आणि ती ते अंड्यांत उतरवते, त्यामुळे अंडीही सुरक्षित राहतात. मला तर हे सगळ्यात विलक्षण वाटतं.

पुन्हा त्या माळावर गेलात तर आसपास खुळखुळा आहे का बघा. पानांवर आणि शेंगांवर काळपट, नारिंगी पट्ट्यांची केसाळ अळी शोधा. अळी, झाड, मागचे पंख, तारीख आणि ठिकाण एवढं मिळालं की आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका आणि इथेही फोटो जोडा, मी नक्की बघेन.