प्लग लावायच्या आधी : जुन्या जर्मन रेडिओबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात व्हॉल्व्हच्या (म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, आत दिव्यासारख्या नळ्या असलेल्या) रेडिओवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच पडला. मर्फी-फिलिप्सवाल्यांनी जरा दम धरा, तुमचं पुढच्या वेळी. या वेळी फक्त जर्मन सेटची पत्रं घेतलीत, आणि आपल्या भागात हे एवढे सेट निघतील असं मला खरंच वाटलं नव्हतं.

प्रश्न : सर, आमच्या उदगीरच्या वाड्यात माळ्यावर आजोबांचा रेडिओ सापडला. टेलिफुंकन लिहिलंय, आत दोन व्हॉल्व्ह काळ्या लोखंडी डबीसारखे आहेत बाकी काचेचे, एक डोळ्यासारखा हिरवा काचेचा पण आहे. घरात सांगतात की निजामाच्या काळात आजोबांनी यावरच नेताजींचं बर्लिनवरून भाषण ऐकलं होतं. मी म्हणलं प्लग लावून बघावं तर बायको नको म्हणायली. लावू का? आणि ती नेताजीची गोष्ट खरी असंल का?

उत्तर : वहिनींचं ऐका. ऐंशी वर्षं बंद असलेला सेट थेट लाईटीला लावणं म्हणजे ऐंशी वर्षं गोठ्यात बांधलेल्या बैलाला एकदम नांगराला जुंपणं. रेडिओचे व्हॉल्व्ह सहसा टिकतात हो, मरतात ते कंडेन्सर. फिल्टरचे, म्हणजे सप्लाय गुळगुळीत करणारे जे मोठे कंडेन्सर असतात त्यांच्यातला ओलावा सुकलेला असतो, आतला पापुद्रा खराब झालेला असतो, करंट दिला की ते गरम होतात, फुगतात, आणि जाताना रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचा डीसी करणारा) आणि मेन ट्रान्सफॉर्मर दोन्ही सोबत घेऊन जातात. कंडेन्सर शंभर रुपयांत येईल, तो ट्रान्सफॉर्मर कुठून आणणार?

दुसरा चोर लहान असतो आणि तोच जास्त नुकसान करतो. डांबर किंवा मेण लावलेला कागदी कंडेन्सर, जो पहिल्या ऑडिओ व्हॉल्व्हच्या प्लेटकडून (जिथून आवाज बाहेर निघतो) स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (जिथं आवाज आत शिरतो) जातो. तो जरासा जरी लीक झाला तरी ग्रिडवर प्लस व्होल्टेज चढतं, आउटपुट व्हॉल्व्ह मरणाचा करंट ओढायला लागतो, आधी आवाज फाटतो, मग वास येतो, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. म्हणून हा एक कंडेन्सर मी तपासतच नाही, सरळ बदलतो. ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर घ्या, क्षमतेचा आकडा जुन्यावर असेल तोच. फिल्टरला ४५० व्होल्टचे घ्या पण उगाच मोठे नको, जुन्यावर ८ किंवा १६ मायक्रोफॅरड लिहिलं असेल तर १० किंवा २२ बास. १०० टाकला की हम् (स्पीकरमधली घूं घूं) जातो खरा, पण प्रत्येक वेळी चालू करताना रेक्टिफायरच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं.

आता क्रम. आधी ब्रशने धूळ, उंदराची लेंडी, वाळवीची माती काढा, पाणी नाही. रबराची वायर हातात चुरत असेल तर ती बदला. मागे व्होल्टेजची पट्टी असते, तिथं ११०, १२५, २२०, २४० असे आकडे दिसतील, २४० असेल तर पट्टी त्यावरच ठेवा कारण आपल्याकडं रात्री सगळं गाव झोपलं की मीटर २५० दाखवतो. मग रेक्टिफायर काढून बाजूला ठेवा (तुमच्या सेटमध्ये बहुधा एझेड ११ असेल) आणि सेट सिरीज बोर्डवर लावा. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये, एवढंच. बल्ब भकभक पेटला तर शॉर्ट आहे, बंद करा. जरासाच लाल झाला आणि डायलचा दिवा लागला तर ट्रान्सफॉर्मर जिवंत, पेढे वाटायला हरकत नाही. कंडेन्सर बदलून झाल्यावरच रेक्टिफायर परत बसवा. आणि बंद केल्यावरही फिल्टरवर अडीचशे-तीनशे व्होल्ट बसून राहतात हे विसरू नका, १० हजार ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर लावून ते उतरवा, मीटरने बघा, मगच हात घाला. तेही एक हात खिशात ठेवून. माझ्या उस्तादाने हे मला शिकवलं ते थोबाडीत मारून, पण म्हणूनच मी आजवर जिवंत आहे.

स्पीकरबद्दल एक. मागे चुंबकाऐवजी जाडजूड कॉइल दिसली आणि तिला जास्तीच्या वायरी असल्या तर तो स्पीकर फेकून नवा लावू नका. ती फील्ड कॉइल बऱ्याच सेटमध्ये चोकचंही, म्हणजे सप्लाय गुळगुळीत करायचंही काम करते, ती काढली की पुढं सप्लायच जात नाही, आणि मग मेकॅनिक म्हणतो व्हॉल्व्ह गेले.

आता नेताजी. तुमच्या पत्रातला लोखंडी डबीवाला मुद्दा मला फार आवडला. ते पोलादी व्हॉल्व्ह टेलिफुंकनने १९३८ मध्ये आणले, नंबर बहुधा ११ वर संपतात, इसीएच ११, ईबीएफ ११ असे, डोळा म्हणजे ईएम ११. आणि सप्टेंबर १९३९ मध्ये लढाई लागल्यावर जर्मनीचा माल इकडं यायचं बंद झालं. म्हणजे नवाकोरा आला असेल तर त्या मधल्या वर्षा-दीड वर्षातच, नाहीतर मग लढाईनंतर कुणाकडून तरी जुना घेतलेला. आझाद हिंद रेडिओ जर्मनीतून १९४२ च्या सुरुवातीला चालू झाला आणि तो शॉर्ट वेव्हवर होता. तर डायल पुसून बँडची अक्षरं बघा. के, एम, एल अशी असली तर के म्हणजे कुर्त्स, म्हणजेच शॉर्ट वेव्ह. के असेल तर आजोबांची गोष्ट बसते. नसेल तर घरात लगेच सांगू नका, आजी असतील तर अजिबात नको.

प्रश्न : मी जालन्याचा. ऑनलाइन एक छोटा काळा बेकेलाइटचा रेडिओ घेतला, विकणारा म्हणाला हिटलरचा रेडिओ आहे. आत दोनच व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर कुठंच नाही. लागतोय, पण बटणाच्या स्क्रूला बोट लागलं की जोराचा झटका बसतो. अर्थिंग करू का? आणि पुढं गरुडाचं चिन्ह आहे ते खरवडून टाकावं का?

उत्तर : आधी तो प्लगवरून काढा, मग पुढचं वाचा.

तुमच्याकडं आहे तो डीकेई ३८, १९३८ सालचा, किंमत ३५ मार्क. त्याच्या आधी १९३३ मध्ये ७६ मार्कांचा व्हीई ३०१ निघाला होता आणि त्यातला ३०१ म्हणजे ३० जानेवारी, हिटलर सत्तेवर आला ती तारीख. घराघरात आपला आवाज पोचावा म्हणून स्वस्त रेडिओ, हा हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सचा डाव. लोक या छोट्या डब्याला गोबेल्सचं थोबाड म्हणायचे. यात शॉर्ट वेव्ह नाहीच, फक्त मिडियम आणि लाँग, आणि सप्टेंबर १९३९ पासून तर परदेशी स्टेशन ऐकणंच गुन्हा झाला.

झटक्याचं कारण तो स्वस्तपणाच आहे. ट्रान्सफॉर्मर वाचवला, त्यामुळं मेनची एक तार सरळ चेसिसला, म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्याला. प्लग एका बाजूने लावला तर चेसिसला न्यूट्रल, उलटा लावला तर फेज, आणि त्याच फेजवर तुमचं बोट. अर्थिंग तर बिलकुल करू नका, फेजला अर्थ जोडला तर फ्यूजच उडेल आणि फ्यूज नसेल तर त्याहून वाईट. याला एकच इलाज, वन टू वन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज तेवढंच ठेवून सेटला मेनपासून वेगळं पाडणारा), १०० व्हीएचा पुरतो. स्टॅबिलायझर, डिमर, व्हेरिॲक यातलं काहीही वेगळं पाडत नाही, दुकानदार कितीही म्हणू दे. त्याशिवाय एरियल आणि अर्थच्या भोकांमागचे कंडेन्सर बदला आणि तिथं वाय टाइपचाच सेफ्टी कंडेन्सर टाका, कारण तो शॉर्ट झाला तर गच्चीवरच्या तारेत लाईट येईल आणि त्या तारेवर कुणीतरी कपडे वाळत घालतंच.

त्यातला व्हीसीएल ११ हा व्हॉल्व्ह जपा, तो दुर्मिळ आहे आणि महाग. त्याचा फिलामेंट ९० व्होल्टचा, जोडीच्या व्हीवाय २ चा ३० चा, करंट ५० मिलीअँपिअर, उरलेले व्होल्ट रेझिस्टर खातो. हिशोब २२० चा आहे, आपल्याकडं २३०, म्हणून त्या लाईनीत २०० ओहम वाढवा.

गरुड खरवडू नका. खरवडलेला रेडिओ खोटं बोलतो. पण तो शोकेसमध्ये मिरवायचीही वस्तू नाही, कुणी विचारलं तर त्याचा पूर्ण इतिहास सांगायची तयारी ठेवा.

प्रश्न : कंधारकडं एकजण जुन्या रेडिओत लाल पारा असतो म्हणून लाखात भाव सांगायलाय, जर्मन असंल तर डबल. आमच्या सेटमध्ये असंल का?

उत्तर : नाही. कुणाच्याच सेटमध्ये नाही. लाल पारा हीच मुळात थाप आहे. व्हॉल्व्हच्या आत चकचकीत दिसतं तो गेटरचा मुलामा, उरलीसुरली हवा शोषायला लावलेला. तो पांढरा पडला असेल तर व्हॉल्व्ह फुटून हवा आत गेली, एवढाच त्याचा अर्थ. व्हॉल्व्ह फोडून बघितले असतील तर मात्र मला कळवू नका, झोप लागणार नाही.

प्रश्न : बीडच्या एका मेकॅनिकने सांगितलं, आतलं सगळं काढून ब्लूटूथचं किट बसवून देतो, दोन हजारात. करू का?

उत्तर : चेसिस गंजून भुगा झाला असेल तर करा, खोक्याला निदान आवाज मिळेल. नाहीतर त्या पैशात कंडेन्सर, वायर, डायलची दोरी सगळं येऊन वर चहाचे उरतील. एखादा व्हॉल्व्ह लागला तर हैदराबादच्या कोठी भागात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा, दुकानात विचारताना नंबर कागदावर लिहून न्या.

प्रश्न : अंबाजोगाईहून लिहिते. वडिलांचा जर्मन सेट दुरुस्त झाला, पण डायलवर सगळी परदेशी गावं आणि ऐकू येते फक्त खरखर. आता यावर लागणार काय?

उत्तर : ताई, त्या डायलवरची काही गावं आता त्या नावाने नकाशावरही नाहीत. ब्रेस्लाउ आता पोलंडमधलं व्रोत्सवाफ आणि क्योनिग्सबर्ग रशियाचं कॅलिनिनग्राड. तुम्ही मिडियम वेव्हवर २३० मीटरच्या आसपास या, परभणी आकाशवाणी १३०५ किलोहर्ट्झ म्हणजे तीच जागा. मिडियम वेव्हचे ट्रान्समीटर ठिकठिकाणी बंद होत चाललेत, म्हणून सेटला दोष द्यायच्या आधी साध्या ट्रान्झिस्टरवर लागतंय का ते बघा. खरखर बहुतेक घरातलीच असणार, एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, एकेक बंद करत जा. गच्चीवर दहा-बारा मीटर तार ताणा, सेटला ट्रान्सफॉर्मर असेल तर अर्थ पण द्या, आणि रात्री नऊनंतर बसा. लोडशेडिंग असेल तर उलट बरंच, सगळ्या गल्लीची खरखर बंद होते, फक्त तुमचा सेट इन्व्हर्टरवर लावू नका, नाहीतर परत तेच.