आधी वक्ता ओळखा, मग मत
भारतातले जडवादी चार्वाक आणि ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस यांना समजून घेण्यासाठी वाचन मंदिरातून आपण एकदम चार भाष्यग्रंथ घरी आणलेत, ही उमेद फार मोलाची आहे. मात्र कोणतेही मत वाचले की ते कोण सांगतो आहे आणि मूळ विचारवंतानंतर किती शतकांनी, हे वहीच्या समासात लिहिण्याची सवय आधी लावून घ्या. ‘ऋण काढून तूप प्यावे’ हे चार्वाकांच्या नावावर खपणारे वचन १४व्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त येते, आणि तो ग्रंथ वेदान्ती माधवाचार्यांचा, म्हणजे प्रतिपक्षाचा आहे. एपिक्युरसलाही असेच चैनी ठरवले गेले. वास्तविक मेनोइकेउस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात, शरीराला वेदना नसणे आणि मन अस्वस्थ नसणे म्हणजे सुख, असे तो स्पष्ट सांगतो. घाईने या दोघांना एकच मानू नका. ते पत्र मात्र याच आठवड्यात वाचा.